कॉफीआधीच उठलेला बाप

त्या दिवशी मुफलेहने ठरवलं ते एवढंच, की आजच्या दिवस दुखणं कुणाला सांगायचं नाही. (वर्षभर तो हेच ठरवत आला होता, त्यामुळे सराव दांडगा.)

जॉर्डनमध्ये कराक ते अकाबा बस हाकता हाकता त्याला माकडहाडाखाली, ऐन फटीत, एक फोड झाला होता. डॉक्टर म्हणाला, हा साधा फोड नाही, केस उलटे कातडीत शिरून आत पोकळी झालीय. बसणं कमी करा, तिथले केस काढत राहा आणि ऑपरेशन करून टाका. ड्रायव्हरने म्हणे बसणं कमी करायचं! मुफलेहने चिठ्ठी खिशात कोंबली आणि बायकोला सांगितलं, कंबर धरलीय. बिचारी खिताम वर्षभर त्याच्या कंबरेला ऑलिव्हचं तेल चोळत राहिली. त्याचं त्याला अजून वाईट वाटतं.

आज लेकीला, अरीजला, मागणी घालायला कुतैबाकडची तीस माणसं आली होती. कुतैबा सरकारी दवाखान्यात ब्रदर, म्हणजे नर्स. त्याच्यासाठी अरीजने दोन चांगली स्थळं परत पाठवली होती. सगळे गाद्यांवर ऐसपैस बसले. मुफलेह एकाच कुल्ल्यावर कलला. पाहुण्यांना वाटलं, काय हा रुबाब.

मुलाकडचे वडीलधारे हाजी दैफुल्ला. त्यांनी कॉफीचा पेला न पिता पुढ्यात ठेवला, बाकीच्यांनीही ठेवला. आता हाजींनी मुलगी मागायची, बापाने 'कॉफी घ्या' म्हणायचं, की सोयरीक पक्की. पण हाजींना बोलायची भारी हौस. ते कुतैबाच्या पणजोबांपर्यंत पोचले तेवढ्यात मुफलेहचा फोड फुटला आणि तो ताडकन उभा राहिला.

कॉफी तशीच आणि बाप उभा, म्हणजे तोंडावर नकार.

"चला रे," हाजी काठी टेकत उठले, "इथं आपला मान राहिला नाही."

दाराआडून अरीजचा हुंदका आला. पाठीत उसण भरली, असं सांगून सुटता आलं असतं. पण त्या हुंदक्याने मुफलेहची थाप मारायची ताकदच गेली.

"हाजी, नकार नाही हो. मला बसता येत नाही," तो म्हणाला. मग कुठे, कधीपासून आणि आतून काय काय येतं, ते सगळं त्याने तीस माणसांना सांगितलं.

हाजी परत गादीवर टेकले. "मग कॉफीचं काय?"

"घ्या ना. मी उभा राहतो, तुम्ही घ्या."

पेले रिकामे झाले. आतून खितामचा आवाज आला, "मग वर्षभर मी चोळत काय होते?"

ऑपरेशन झालं. जखम आतून भरत यायला हवी म्हणून उघडीच ठेवलेली, रोज पट्टी बदलायची. वेळेवर गेला असता तर हे काम कुणी परक्याने केलं असतं. आता दीड महिना रोज संध्याकाळी कुतैबा यायचा आणि होणारा सासरा मुकाट पालथा पडायचा.

लग्नाच्या दिवशी मुफलेहने जावयाला बाजूला घेतलं आणि आवाजात होता नव्हता तेवढा दरारा आणून बजावलं, "माझ्या पोरीला जप."

कुतैबाने अदबीने मान खाली घातली. "जपतो, काका. आणि शुक्रवारी घरी थांबा. तिथले केस वाढले असतील, काढून देतो."