वाघाचं कॉम्प्रेशन

विनायकने रविवारचं जेवण उरकलं, पडवीतल्या मोटारसायकलवरची ताडपत्री ओढून काढली आणि किकवर तळहात ठेवून हलकेच दाबला. किक मुकाट खाली गेली. अडत नाही, कुरकुरत नाही. जुन्या टू-स्ट्रोक गाडीचा दुसरा कुठलाही मालक यामुळे कपाळावर हात मारून बसला असता. विनायकचा मात्र जीव भांड्यात पडला.

"दीपा, आयकलंस? गाडयेचा कॉम्प्रेशन गेला!"

"मगे हसतात कित्याक?" दीपाने स्वयंपाकघरातून विचारलं.

हसण्याला कारण होतं. पेडण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क असलेला विनायक गेली चोवीस वर्षं गावात 'चोपड्याचा वाघ' म्हणून मिरवत होता. भात कापलेल्या शेतात झालेल्या मातीतल्या रेसमध्ये आपण पहिला नंबर कसा मारला, हे तो चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगे. दरवर्षी त्यात एखादं वळण आणि एखादा पडलेला प्रतिस्पर्धी वाढत असे. पुरावा म्हणून शोकेसमध्ये 'प्रथम क्रमांक' कोरलेला चषक होता. त्या अक्षरांखाली हेल्मेटचं एक स्टिकर चिकटवलेलं होतं आणि ते पुसताना दीपाने फडकं जपून फिरवावं, असा घरात नियम होता.

आता गावातल्या क्लबने पुढच्या रविवारी त्याच चोपड्याच्या शेतात रेस ठेवली होती, आणि अध्यक्ष गोकुळदास यांनी व्हॉट्सअपवर लिहिलं होतं, की मानाची पहिली फेरी आपल्या वाघाने आपल्या त्याच गाडीवरून मारावी. विनायकने जोशात अंगठा दाखवला. मग रात्रभर झोपला नाही. या गाडीवरून तो आजवर पेडण्याच्या बाजाराच्या पलीकडे गेला नव्हता. फेरी मारली, की चोवीस वर्षं एका मिनिटात मातीत जाणार होती.

म्हणून गाडी चालू होत नाही हे कळल्यावर त्याने कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला हवेचा दाब, मोजायचं मीटर ऑनलाइन मागवलं. ते बुधवारी आलं. प्लग काढून त्या जागी मीटर लावलं, किक मारल्या. काटा कसाबसा साठावर गेला, हवा होता त्याच्या दुप्पट. विनायकने त्या काट्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'रेशी मारून मारून पिस्टनच्या रिंगा झिजल्या. गाडीने आपलं आयुष्य मैदानाला दिलं. क्षमस्व.'

त्याला वाटलं, चार हात जोडलेली चित्रं येतील आणि विषय संपेल. पण आपला गाव दुसऱ्याचं दुखणं असं सुखासुखी संपू देतो थोडाच! संध्याकाळपर्यंत अंगणात माणसं जमली. एकजण म्हणाला हेडचा गॅस्केट. दुसरा म्हणाला सील. ज्याच्याकडे सायकलही नव्हती, तो म्हणाला क्रँक. प्रत्येकाने येऊन किक दाबली, मान हलवली आणि दीपाकडून चहा घेतला.

गोकुळदासांनी मात्र किकला हात लावला नाही. त्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि कुठल्याही यंत्राबद्दल त्यांचं ज्ञान तराजूशी थांबत असे.

"विनायका, कॉम्प्रेशन गेला म्हणजे खंय गेला?"

"झिजलो रे पिस्टन. आता ह्या जन्मात चलाची नाय ती."

"ता तू कोण ठरवणारो? फ्लेक्स छापून झालो. 'चोपड्याचा वाघ' म्हणून धा फुटी फोटो लागलो तुजो तिठ्यार. देवाक विचारुया."

"इंजिनाचा देवाक?"

"कित्याक? घर बांधताना विचारलंस, बदलेक विचारलंस. इंजिन काय देवाच्या भायर आसा?"

गुरुवारी सकाळी देवळात कौल लावला गेला. पुजाऱ्याने मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, येत्या आयतारा विनायकाची गाडी चोपड्याच्या शेतात चलतली जाल्यार उजवी पाकळी दी." विनायकने डोळे मिटून मनातल्या मनात डावीची विनवणी केली. बदलीच्या वेळी देवाने दीड तास लावला होता. आज गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पाकळी पडली.

आता प्रश्न पिस्टनचा उरला नाही. देवाचा शब्द खोटा पाडायची कुणाची प्राज्ञा? दुपारीच गोकुळदास सर्वण गावी गेले आणि भिकाजी मेस्त्रीला आपल्या गाडीत घालून घेऊन आले. भिकाजी सत्तरीचा. डिचोली तालुक्यातल्या निम्म्या टू-स्ट्रोक गाड्या त्याच्या हातावर म्हाताऱ्या झाल्या होत्या. अंगणात पुन्हा गर्दी जमली.

"मीटर कोणी लायलो?" भिकाजीने विचारलं.

"मी," विनायक म्हणाला. "साठ. साफ गेली."

"किक मारताना एक्सलेटर पूर्ण पिळलो?"

"नाय. तो कित्याक पिळूचो? बंदच होतो."

"मगे वारो भितर जातलो खंयसून? तुजा नाक-तोंड धरून तुका फुगो फुगवूक सांगलो, तर फुगवशी?"

लोक हसले. भिकाजीने एका हाताने एक्सलेटर पूर्ण पिळून धरला आणि त्या वयात अशा काही किक मारल्या, की काटा उड्या मारत एकशे तिसावर जाऊन बसला.

"पण मामा, हातान दाबली तेव्हा नरम लागली!" विनायक काकुळतीला आला होता.

"सावकाश दाबल्यार खंयचाय इंजिन नरमच लागतला."

"मीटरच चुकीचा आसतला. तुमी खोलून बघा. रिंगा गेल्यात, माका खात्री आसा."

माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो तो असा. भिकाजीने हेड खोललं, सिलिंडर उचलला आणि उजेडात धरला. अंगठा आतून फिरवून त्याने भिंत चाचपली.

"विनायकबाब," तो शेवटी म्हणाला, "रेशीत मारलेली गाडी मी वासार वळखतंय. तिचो सिलिंडर दोनदा तरी घासून मोठो केल्लो आसता. हो कंपनीचो पिस्टन. भितर कंपनीच्यो रेघो सुद्धा तशोच आसत. चोवीस वर्सां जाली, पण ही गाडी कोणी पिळूकच नाय."

अंगणातल्या सगळ्या माना विनायककडे वळल्या.

"पण चालू तर जाइत नाय!" विनायक म्हणाला.

भिकाजीने सायलेन्सरच्या तोंडात तार घातली आणि मातीचा सुपारीएवढा गोळा बाहेर ओढला. कुंभारमाशीने आत आरामात घर बांधून धुराची वाट बंद केली होती. इतकी वर्षं त्या गाडीतून काय बाहेर पडलं असेल, तर ते तेवढंच. तासाभरात भिकाजीने इंजिन जोडलं आणि दुसऱ्या किकला अंगण निळ्या धुराने भरून गेलं.

"पण मगे तो कप?" धुरातून गोकुळदासांनी विचारलं.

विनायकने दीपाकडे पाहिलं. ती आत गेली आणि चषक घेऊन आली. चोवीस वर्षं जपून पुसलेलं स्टिकर तिने सर्वांसमोर नखाने सोललं आणि चषक गोकुळदासांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून मोठ्याने वाचलं, "प्रथम क्रमांक. सार्वजनिक गणेशोत्सव. सावकाश सायकल चालवण्याची स्पर्धा."

कुणी हसलंसुद्धा नाही, इतकं ते हसण्यापलीकडचं होतं. विनायकला वाटलं, आता निदान सुटका झाली. वाघ मेला, फेरी टळली. त्याने हात जोडले. "चुकला माजा. फ्लेक्स काढून टाका."

"फ्लेक्स काढूचो नाय," गोकुळदास शांतपणे म्हणाले. "देवान कौल दिलो, गाडी चलतली. वेगाचा त्याका आमी खंय विचारला होता?"

रविवारी चोपड्याच्या शेतात सगळा गाव लोटला होता. विनायक पहिल्या गिअरमध्ये निघाला. अर्ध्या वाटेत एक कुत्रा त्याच्यापुढे गेला आणि वळणावर थांबून त्याची वाट पाहू लागला. माइकवर गोकुळदास चषकावरची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते, "पाय टेकलो तर बाद!" म्हणून बजावत होते आणि लोक टाळ्या पिटत होते. विनायकची मान खाली होती, कान तापले होते, पण शेवटपर्यंत त्याने पाय जमिनीला लागू दिला नाही.