शिदूतात्यांचं बिनआवाजी इंजन

कृष्णेकाठच्या आमच्या गावात शिदूतात्यांशी कुणी समोरासमोर बोलत नसे. पाठ करून बोलायचं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता, सोवळंओवळंही नव्हतं. तात्या नदीकाठच्या इंजनाच्या खोपीत सदा काहीतरी खुडबुडत असायचे, आणि पावलं वाजली की आतूनच ओरडायचे, "कोन हाय? आदी नजर फिरीव, मग बोल!" मग आपण तोंड नदीकडं करायचं आणि नदीलाच विचारल्यासारखं विचारायचं, "तात्या, आमच्या पाळीचं पानी कवा सोडताय?" उत्तर पाठीमागून यायचं. तलाठीसुद्धा पाठमोरा उभा राहायचा. एकदा परगावचे पाहुणे मुलगी बघायला आले होते. नदीवर चार बाप्ये खोपीकडं पाठ करून ओळीनं उभे आणि चौघंही हातवारे करून बोलताहेत, हे बघून ते तसेच परत गेले.

तात्या माझे चुलत सासरे. पहिल्या लढाईत बसऱ्याकडं मोटारीच्या पलटणीत होते. तिथनं एक खाकी कोट घेऊन आले आणि एक संशय. कोट चैत्राच्या उन्हातही अंगावर असायचा. संशय असा, की जगातली सगळी माणसं दुसऱ्याची अक्कल चोरायला टपलेली आहेत. कोटाच्या आतल्या खिशात लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली एक लोखंडी वस्तू असे. जेवताना, देवळात, न्हाव्यापुढं बसताना, दर थोड्या वेळानं तात्यांचा हात छातीवर जायचा. न्हाव्याला वाटायचं, म्हाताऱ्याच्या काळजात कळ येते.

ती वस्तू म्हणजे इंजनाची एक जादा झडप, तात्या कानशीनं घासून सुधारत असलेली.

आता इंजनाचं सांगते. ते सगळ्या भावकीनं मिळून घेतलेलं. नदीचं पाणी वर उचलून पाटात सोडायचं, आणि पाळीपाळीनं ज्याच्या त्याच्या उसाला द्यायचं. त्याचा आवाज धाड, धाड, धाड, पार गावाच्या वरच्या अंगाला ऐकू यायचा. आमच्या गावाचं घड्याळच ते. आवाज सुरू झाला की बायका भाकरी बांधायच्या, थांबला की बाप्ये शेतातनं हलायचे. आमचे मालक तेव्हा लष्करात होते, दुसऱ्या लढाईवर. म्हणून ऊस, म्हैस आणि सासूबाई, तिन्ही माझ्याच गळ्यात. तात्यांशी माझा रोजचा व्यवहार, तोही पाठमोरा.

लढाईमुळं तेल परवान्यावर मिळू लागलं, आणि मिळायचं तेही अपुरं. भावकीत मोठे बापू. त्यांनी चावडीपुढं बैठक घेतली. म्हणाले, "ह्ये इंजन दारुड्यावानी तेल पितंय. सांगलीला एक व्यापारी गिऱ्हाईक हाय. इकून टाकू आन् पुन्हा मोटा जोडू."

तात्या कोट सावरत उठले. "एवढा उन्हाळा द्या मला. हाय त्याच तेलात समद्यांचा ऊस जगवून दावतो. न्हाई जगला तर इंजन इका, आन् मलाबी त्याच्यासंगं इका."

"तुला कोन घेतंय रं?" बापू म्हणाले. सगळे हसले. तात्या हसले नाहीत. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात बायको काशीकाकी, तीही एक अंग लुळं पडून अंथरुणाला खिळलेली. घरात काकी आणि नदीवर इंजन, एवढाच त्यांचा संसार.

झालं. त्या दिवसापासून गावात संशयाचा सुकाळ झाला. बापूंना वाटे, तात्या तेल चोरून विकतो. तात्यांना वाटे, बापू सांगलीच्या व्यापाऱ्याला आतून फितूर आहेत. खोपीला तात्यांचं एक कुलूप होतंच, त्यावर भावकीनं आपलं एक लावलं, आणि भावकीवर विश्वास नाही म्हणून बापूंनी तिसरं. सकाळी इंजन चालू करायला तिघं किल्लीवाले एकत्र जमेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. संध्याकाळी बापू तेलाच्या टाकीत काठी बुडवून खूण बघायचे, आणि ते गेले की तात्या काठी तपासायचे. बापूंनी ती खालून तासली तर नाही ना!

एकदा पाण्याची पाळी विचारायला गेले तर तात्या बोलायच्या लहरीत होते. इंजनाची झडप काय असते, हे मी सगळं नदीकडं बघत शिकले, बरं का.

"पोरी, इंजनाला दोन झडपा. एक हवा आत घेतीया, दुसरी धूर भाईर सोडतीया. मानसागतच हाय. श्वास नीट घेतला तर थोडक्या भाकरीवर दिवसभर राबंल. आता आत येनारी हवा सरळ पडतीया, म्हनून तेल तिच्यात मिसळत न्हाई. ती गरागरा फिरत आली पायजे. तू ताक कशानं करतीस?"

"रवीनं."

"तसंच घुसळायचं हाय. पर रवी न घालता."

"आन् धुराची झडप?"

"ती लय लवकर उघडतीया. आत दम शिल्लक हाय तवरच भाईर सोडतीया. तोच धाड धाड वाजतोय. आवाज म्हंजी तेलच हाय, फुकट चाललेलं."

मी आपली सहज बोलले, "मग हवेच्या झडपेला एका अंगाला काठ ठेवायचा की, तात्या. कळशीतनं पानी वतताना आपन एका बाजूला हात धरतो, तवा धार वळतीया न्हवं."

मागची खुडबुड थांबली. मग तात्या हळूच म्हणाले, "ह्ये तुला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई."

"तुझा नवरा लष्करात मोटारीतच हाय न्हवं?"

"पायदळात हायत ते."

"तसंच सांगत्यात," तात्या म्हणाले.

त्या दिवसापासून माझी गणती फितुरांत झाली. मालकांचं पत्र आलं की तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. पत्रात काय आहे ते विचारायचे नाहीत, नुसते बसायचे. येताना बांबूची नळी असायची. गरागरा फिरणारं काही दिसलं की त्यात ते नळीनं फुंकून बघत. पाण्याच्या तांब्यात, उसाच्या रसात. एकदा सासूबाई परातीत पीठ चाळत होत्या. तात्यांनी कडेनं तिरकी फुंकर घातली. पीठ खरंच गरकन फिरलं आणि वर उठून सासूबाईंच्या तोंडावर बसलं. सासूबाईंचे फक्त डोळे दिसत होते. तात्या आनंदानं ओरडले, "फिरलं! वैनी, फिरलं!"

"तुमचं डोस्कं फिरलंय!" सासूबाई म्हणाल्या आणि लाटणं शोधू लागल्या.

त्याच सुमाराला गावात पोलिसांच्या खेपा वाढल्या होत्या. दिवसच चळवळीचे होते. कुणी लपलंय का, कुणी लोखंडाचं काही बनवतंय का, ह्यावर त्यांची नजर. म्हातारा खोपीत दार लावून कानस घासतो, ही बातमी पोचलीच. फौजदार आले. आतून आवाज आला, "आदी नजर फिरीव!" आणि तुम्हाला खोटं वाटेल, फौजदार फिरले की! टाचा जुळवून फिरले. मग भानावर आले, आणि लाल होऊन आत घुसले.

"कोटात काय आहे?"

"झडप."

"कशाला?"

"सांगनार न्हाई. तुमी पोलीस कशावरनं? इंजनाच्या कंपनीचं मानूस असाल, कपडं बदलून आलेलं."

झडप जप्त झाली, इस्लामपूरच्या कचेरीत गेली. तात्या चालत मागोमाग. पायरीवर बसून राहिले, पण सुटकेच्या अर्जासाठी नाही. आत कुणी तिचं चित्र काढतंय का, ते खिडकीतनं बघायला. शेवटी कंटाळून कचेरीनं झडप आणि म्हातारा दोन्ही परत पाठवले.

आणि मग चैत्र सरता सरता एका सकाळी इंजनाचा आवाज बंद झाला.

पहिल्या दिवशी वाटलं, तात्या रात्रीपासून आतून कडी घालून बसलेत, किल्लीवाल्यांशी भांडण असेल. दुसऱ्या दिवशीही नाही; पाळी तात्यांच्याच उसाची, म्हणून पाटाकडं कुणी फिरकलं नाही. बायकांना भाकरी कधी बांधायची कळेना. मी काशीकाकीला पेज घेऊन गेले तर तिनं तोंड फिरवलं. डोळे दाराकडं. "ह्ये कुटं गेलं?" एवढंच पुन्हा पुन्हा. मला वाटलं, उन्हाचा त्रास.

इकडं बापूंनी डोकं चालवलं. "इंजन बंद ठेवलंय आन् तेल इकतोय. आजच धरू." मग काय, सगळी भावकी काठ्या घेऊन निघाली. ऊस माझाही होता, मीही पदर खोचून मागं. पाटाच्या वाटेनं गेलो तर तात्या बघतील, म्हणून बाभळीतनं, खोपीच्या मागच्या अंगानं दबकत गेलो. जवळ गेल्यावर आतून खर्र, फुस्स, खर्र, फुस्स असा आवाज येत होता.

"घोरतोय बघा!" बापू दातओठ खात म्हणाले. "लोकांचा ऊस जळतोय आन् ह्यो घोरतोय!"

सगळे वळसा घालून दारात उभे राहिलो. बापूंनी काठी उगारली. आणि आतून आवाज आला, "कोन हाय? आदी नजर फिरीव!"

सवय वाईट. काठ्यांसकट सगळी भावकी गर्रकन फिरली. बापूही. आणि समोर काय, तर हौदात मनगटाएवढी नव्हे, मांडीएवढी धार पडत होती आणि पाट काठोकाठ भरून उसाकडं चालला होता.

घोरत होतं ते इंजन होतं.

बापूंनी टाकीत काठी बुडवली. तेल खुणेच्या कितीतरी वर. त्यांनी काठी हुंगली, तेलात बोट बुडवून चाखलं. "पानी मिसळलंयस का रं ह्यात?"

"मिसळलं असतं तर चाललं असतं का?" तात्या आतून म्हणाले. "आवाज गेला, तेल वाचलं. जावा आता. नजर न फिरवता जावा."

म्हणजे इंजन वाचलं. सांगलीचा व्यापारी परत गेला. तात्यांनी खरं तर मिशीला पीळ द्यायचा. पण दोनतीन दिवसांनी नदीकडनं नवाच आवाज सुरू झाला. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. पळत जाऊन बघतो तर इंजनाच्या धुराच्या नळीवर तात्यांनी रॉकेलचा डबा उपडा बांधलेला. धूर त्याला धक्का देई, डबा उडे आणि परत आपटे.

"ह्ये रं कशाला?" बापूंनी विचारलं. "ह्याला तेल लागत न्हाई व्हय?"

"लागतंय. धूर अडतोय, थोडं तेल खातोय. पर तुमचा कुठं इस्वास हाय माज्यावर? आवाज न्हाई आला की काठ्या घेऊन येताय. ऐका आता."

बापू खाली मान घालून गेले. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

पण त्या दुपारी मी पेज घेऊन काशीकाकीकडं गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. चांगल्या हाताचं एक बोट जमिनीवर वाजत होतं. ठण्ण, ठण्ण, नदीवरच्या तालात. मला बघून म्हणाली, "हायत गं. तितंच हायत." आणि वाटी स्वतःहून ओढून घेतली.

मी हे कुणाला बोलले नाही. भावकीत बोलले असते तर बापूंनी त्यातही डाव शोधला असता. डाव शोधलाच त्यांनी, पण दुसरीकडं. त्या साली सगळ्यांचा ऊस तरारला आणि तात्यांचाच बुटका राहिला. डब्यानं खाल्लेलं तेल तात्या आपल्या पाळीतनं कापत होते. "कायतरी भेद हाय," बापू बांधावर उभे राहून म्हणत, "एवढा शाना मानूस स्वतःच्या उसाला पानी कमी का दील?"

पुढच्या उन्हाळ्यात काशीकाकी गेली. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि तात्या नदीवर गेले. मी आवाजाची वाट बघत अंगणात उभी. आवाज आला नाही. गावात कुणी काठी उचलली नाही. बापू माझ्या शेजारनं शेताकडं गेले. शेतात गेले तर पाटातनं पाणी येत होतं, पालापाचोळा पुढं ढकलत, गुपचूप.

खोपीपाशी गेले आणि सवयीनं पाठ फिरवून उभी राहिले. नदीला म्हणाले, "तात्या, पानी पोचलं."

आत खर्र, फुस्स चाललं होतं.

मग तात्या म्हणाले, "फिर गं हिकडं. काय बघायचं ते बघ."

मी वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते इंजन समोरून बघितलं. चाक गपगुमान फिरत होतं. तात्यांनी कोट काढून ठेवला होता आणि डबा मांडीवर घेऊन ते बसले होते.