नववी ब, प्रथम मोनिका

चालू गिरणी बंद न करता फोन उचलायचा, एवढाच काय तो निर्णय रामप्रसादनं घेतला होता. पुढचा सगळा राडा त्यातून झाला.

आता त्याचंही बरोबर होतं म्हणा. परतूरच्या बाजारात मागच्या गल्लीत त्याची पिठाची गिरणी, वर घर. ज्वारी पडत होती, ओट्यावर डब्यांची रांग, आणि मशीन एकदा बंद केली की परत चालू व्हायला रुसलेल्या जावयासारखे नखरे करायची. फोनवर नाव दिसलं, 'दैवशाला मॅडम शाळा'. म्हणजे पोरीच्या क्लासटीचर. रामप्रसादनं एका कानात बोट घातलं, दुसऱ्या कानाला फोन दाबला आणि बोलला. (बोलला म्हणजे ओरडला. गिरणीवर राहायचं म्हणजे त्या घरात मीठ मागायचं तरी सभेत भाषण दिल्यासारखं मागावं लागायचं.)

"हां मॅडम, बोला!"

"मोनिकाचे पपा ना? उद्या शाळेचा शेवटचा... घर्रर्र... बक्षीस समारंभ... नववी ब मधून प्रथम... घर्रर्र... मोनिका... सकाळी लवकर पाठवा."

"प्रथम? मोनिका?"

"हो हो, प्रथम, मोनिका. सगळ्या सरांचं एकमत झालं. तुम्ही पण नक्की या."

फोन कट झाला. रामप्रसाद तसाच उभा राहिला. अंगभर पीठ होतं, त्यामुळं तोंडावर रंग चढला का उतरला हे कळायला मार्ग नव्हता. पण डोळे पाणावले होते एवढं नक्की, कारण गालावर दोन ठिकाणी कणीक मळली गेली होती.

प्रथम मोनिका. त्याच्या घरात आजवर पहिला नंबर फक्त दळणाच्या डब्याला मिळाला होता.

आणि हा आनंद नुसता पोरीचा नव्हता. यात आष्टीचा मेव्हणा होता. गोरक्षनाथ, म्हणजे गोरख, बायको सुरेखाचा धाकटा भाऊ. त्याचं पोरगं दर साली वर्गात पहिलं यायचं, आणि दर साली गोरख पेढे घेऊन परतूरला यायचा. पेढा द्यायचा तो द्यायचा, वर गिरणीच्या दारात उभा राहून म्हणायचा, "दाजी, वर मोनिका बोलून राह्यली का मशीनचं बेरिंग गेलं?" कारण मोनिकाचा आवाज. पोरीनं जिन्यातून हाक मारली तर खालची चालू गिरणी मागं पडायची. सगळे पाव्हणे म्हणायचे, पोरीच्या जातीला एवढा आवाज बरा न्हाई, उद्या सासरी कसं व्हायचं. रामप्रसाद पेढा चघळत गप बसायचा. उद्या मात्र गोरखच्या तोंडात पेढा कोंबून त्याला एकदा, फक्त एकदा, गप करायचा होता.

त्यानं ठरवलं, घरात कोणाला काही बोलायचं न्हाई. सरप्राइज. (रामप्रसादनं आजवर दिलेली सगळी सरप्राइजं शेवटी त्यालाच मिळाली होती, पण माणूस शिकत न्हाई.)

संध्याकाळी मोनिका खाली आली. चेहरा जरा उतरलेला.

"पपा, मॅडमचा फोन आल्ता का?"

"आल्ता." रामप्रसादनं डोळा मिचकावला. डोळ्यात पीठ गेल्यासारखं वाटलं.

"मला भीती वाटून राह्यली प्रथमची."

"प्रथमला काय भ्यायचं बेटा? प्रथम काय सगळ्यांच्या वाट्याला येतो का?"

"व्हय ना. आमच्या वर्गात एकच हाय."

"एकच राहतो मंग. दोन कसे राहतील?"

"पण ऐनवेळी नाहीच आला तर?"

"येतो गं. मॅडम कशाला खोटं बोलतील? बिलकुल टेन्शन घेऊ नको, झोप जाऊन."

पपा एवढं समजुतीनं बोलतायत म्हणून मोनिका खूश झाली, पोरीचा नंबर आलाय तरी किती साधी हाय म्हणून पपा खूश झाले. बाप-लेकीचं एवढं छान जमलं होतं की दोघांनाही समोरचा काय बोलतोय ते कळलं नव्हतं.

रामप्रसाद तिथून थेट फ्लेक्सच्या दुकानात. आता आपल्याकडं माणूस तलाठी झाला तरी फ्लेक्स, तलाठ्याचा बैल पोळ्यात पहिला आला तरी फ्लेक्स. मंग पोरगी पहिली आली तर नको?

"मजकूर काय टाकू?" दुकानदार कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाला.

"वर टाक, नववी ब. खाली टाक, प्रथम मोनिका. मंग हार्दिक अभिनंदन. अन् शुभेच्छुक, समस्त गिरणी परिवार." (गिरणी परिवार म्हणजे स्वतः रामप्रसाद आणि ती मशीन.)

"फोटो?"

मोनिकाचा फोटो मिळाला तो शाळेच्या ओळखपत्राचा, बोटाच्या पेराएवढा. मोठा करायला गेलं की पोरगी धुक्यात गेल्यासारखी दिसायची. रामप्रसादचा स्वतःचा फोटो मात्र चुलतभावाच्या लग्नातला होता. फेटा, काळा गॉगल, मिशीला पीळ, एक हात वर. एकदम साफ.

"काका, तुमचा फोटो लई मोठा झाला, पोरीचा लहान राह्यला."

"राहू दे. पोरगी माझीच हाय की."

दुकानदारानं मंग जागा भरायला अक्षरं मोकळी सोडली. 'प्रथम' बसलं गॉगलच्या डोक्यावर, 'मोनिका' बसलं कोपऱ्यात पोरीच्या छोट्या गोल फोटोवर, मधी मैदान. रामप्रसादला फ्लेक्स इतका आवडला की त्यानं तो दोनदा वाचला. दोन्ही वेळेस फक्त फोटोच वाचला.

सकाळी मोनिका लवकर गेली, तिच्यामागं सुरेखा गेली. रामप्रसाद मागं राहिला, कारण त्याला फेटा बांधायचा होता, पेढे घ्यायचे होते, आणि हलगीवाल्या कारभारीला गाठायचं होतं. कारभारीला त्यानं शाळेच्या गेटवर नीट समजावून सांगितलं.

"तू खिडकीपाशी उभा राह्य. आतून प्रथम असं ऐकू आलं की वाजवायचं. जोरात."

"प्रथम म्हणलं की वाजवायचं," कारभारी म्हणाला. "बराबर."

दोघांनी मिळून गेटवर फ्लेक्स ताणून बांधला. तोवर कार्यक्रम सुरू झाला होता. रामप्रसाद फेटा सांभाळत हॉलमधी शिरला आणि मागच्या रांगेत सुरेखाशेजारी बसला. पलीकडं गोरख, आष्टीहून रामप्रसादच्या खास आमंत्रणावरून आलेला.

"दाजी, फेटा? कोणाचं लग्न हाय?"

"कळंल," रामप्रसाद म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं गोरखला एका शब्दात उत्तर दिलं होतं. लई बरं वाटलं.

मंचावर माइकपाशी दोन पोरं उभी होती. एक चष्मेवाला बारीक पोरगा आणि मोनिका. इस्त्रीचा ड्रेस, दोन वेण्या, हातात कागद.

"ही माइकवर कामून?" रामप्रसादनं बायकोला विचारलं.

"आता कामून म्हणजे? मॅडमनं फोन केल्ता ना तुम्हाला?"

"केल्ता."

"मंग?"

रामप्रसादनं फेटा सरळ केला. पहिल्या नंबरवाल्याला माइक देत असतील, त्यानं मनातल्या मनात नियम करून टाकला.

मुख्याध्यापक उठले. घसा साफ केला. "सर्वप्रथम मी..."

बाहेर हलगी कडाडली.

सगळा हॉल मागं वळला. पुढच्या रांगेतलं एक तान्हं बाळ रडायला लागलं. मुख्याध्यापकांना वाटलं आपल्या मानासाठी वाजतंय. त्यांनी लाजून हात जोडले, हलगी थांबेपर्यंत जोडूनच ठेवले, आणि पुन्हा सुरुवात केली. "तर सर्वप्रथम..."

हलगी पुन्हा.

"काय चालवलंय तुम्ही?" सुरेखा दातओठ खात म्हणाली. तिला कसं कळलं कोण जाणे. (लग्नाला सोळा वर्षं झाली की बायकोला विचारावं लागत न्हाई.)

"मी कुठं काय केलं," म्हणत रामप्रसाद वाकून खिडकीपाशी गेला आणि कारभारीला म्हणाला, "सर्वप्रथम न्हाई रे बाबा, नुसतं प्रथम. प्रथम क्रमांक म्हणल्यावर."

मंग पोरांची बारी आली. चष्मेवाल्यानं दोन वाक्यं म्हटली, तिसऱ्याला लाइट गेली.

पंखे थांबले. माइक मेला. एप्रिल महिना, पत्र्याचा हॉल, आतमधी पाचवी ते दहावीची पोरं आणि त्यांचे आईबाप. पहिल्यांदा पोरं ओरडली, मंग आईबाप ओरडले, मंग ओरडणाऱ्यांना गप करायला सर ओरडले. चष्मेवाला पोरगा मेलेल्या माइकमधी "हॅलो, हॅलो" करत राह्यला, तेबी त्याला स्वतःला तरी ऐकू येत असंल का शंका. पाहुणे रुमालानं वारा घेत घड्याळ बघायला लागले. दैवशाला मॅडम जनरेटरवाल्याला फोन लावत इकडून तिकडं पळत होत्या.

आणि मोनिकानं हातातला कागद खाली ठेवला.

"शांत बसा."

ओरडली न्हाई ती. रामप्रसाद शपथेवर सांगायला तयार होता. घरी जिन्यातून "पपा, जेवायला या" म्हणते ना, नेमकी तेवढीच पट्टी. पण तो आवाज पत्र्याला लागला, मागच्या भिंतीला लागला आणि परत मंचावर गेला. हॉल चिडीचूप. ते रडणारं बाळसुद्धा थांबलं. मंग मोनिकानं एकेक कार्यक्रम सांगायला सुरुवात केली, खो-खोच्या टीमचं कौतुक, विज्ञान प्रदर्शनाची गंमत, परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या दहावीच्या पोरांचा निरोप. माइक न्हाई, पंखा न्हाई, एक शब्द अडला न्हाई. दहावीच्या पोरी तर रडायला लागल्या.

"कोणाची हो पोरगी?" पुढच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला.

"आपल्या गिरणीवाल्याची."

रामप्रसादनं हळूच गोरखकडं बघितलं. गोरख तोंड उघडं टाकून ऐकत होता. बेरिंगचा विषय त्यानं काढला न्हाई. रामप्रसादचं खरं म्हणजे तिथंच काम झालं होतं, तिथंच थांबला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती.

"आता बक्षीस वितरण," मोनिका म्हणाली. "इयत्ता नववी ब. प्रथम क्रमांक..."

आणि थांबली. नाव घ्यायच्या आधी थांबायचं, पब्लिकला तंगवायचं, हे दैवशाला मॅडमनंच शिकवलं होतं. त्या थांबण्यात कारभारीनं हलगी सुरू केली, आणि रामप्रसाद उठला. फेटा, हातात पेढ्यांचा बॉक्स, छाती पुढं, दोन्ही बाजूच्या पालकांना नमस्कार घालत तो मंचाकडं निघाला.

मोनिकानं बापाला बघितलं. फेटा बघितला. हलगी ऐकली. कालचं सगळं बोलणं तिच्या डोक्यातून उलटं फिरलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम पांढरा पडला, मशीन साफ करताना बापाचा पडतो तसा. हॉलमधी कुजबुज सुरू झाली. पाहुण्यांनी मुख्याध्यापकांकडं बघितलं, मुख्याध्यापकांनी मॅडमकडं, मॅडमनं मोनिकाकडं. रामप्रसाद पायरीपाशी पोचला होता.

"प्रथम क्रमांकाचं बक्षीस देण्यासाठी," मोनिकाचा आवाज हलगीवरून गेला, "मंचावर येऊन राह्यलेत पालकांचे प्रतिनिधी, गिरणीचे मालक, माझे पपा, श्री. रामप्रसाद. टाळ्या."

टाळ्या पडल्या. रामप्रसादचा एक पाय पायरीवर, एक खाली.

"आणि प्रथम क्रमांक पटकावलाय माझ्यासोबत सूत्रसंचालन करणारा माझा वर्गमित्र, प्रथम."

रामप्रसादला आधी वाटलं पोरगी अडखळली, एकच शब्द दोनदा म्हणाली. मंग चष्मेवाला पोरगा लाजत पुढं आला, हात पुढं करून उभा राह्यला, आणि रामप्रसादच्या डोक्यातली गिरणी एकाएकी बंद पडली. कालच्या फोनमधला प्रत्येक शब्द आता स्वच्छ ऐकू आला.

"तुझं नाव प्रथम हाय?" त्यानं हळू आवाजात विचारलं. (त्याचा हळू आवाज. शेवटच्या रांगेनं ऐकला.)

"हो काका."

"अन् नंबर बी प्रथम?"

"हो काका."

"लई घाई रे तुझ्या आईबापाला," रामप्रसाद म्हणाला. पण त्यानं कप दिला, पेढा भरवला, आणि डोक्यावरचा फेटा उतरवून पोराच्या डोक्यावर ठेवला. फेटा चष्म्यापर्यंत खाली आला. हॉल हसला, पाहुणे हसले, कारभारीनं आता कोणी काही न म्हणताच वाजवायला घेतलं.

मंचावरून उतरताना मोनिका कानापाशी म्हणाली, "पपा, अजून काय काय केलंय तुम्ही?"

"जास्त काही न्हाई. गेटवर एक फ्लेक्स हाय."

पाहुण्यांचा चहा होईपर्यंत मोनिका मॅडमकडून जाडा मार्कर घेऊन गेटवर पोचली. बापाच्या स्कूटीच्या सीटवर चढली. खाली रामप्रसाद स्कूटी धरून, मान खाली घालून उभा.

"रागावली का बेटा?"

"गाडी हलवू नका."

'प्रथम' आणि 'मोनिका' यांच्यामधी मोकळं मैदान होतंच. तिथं तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आणि'. मंग उतरून लांबून बघितलं. 'नववी ब. प्रथम आणि मोनिका. हार्दिक अभिनंदन.'

"झालं बराबर," ती म्हणाली. "मॅडम म्हणल्या पुढच्या साली पण सूत्रसंचालन मलाच. पपा, तुम्ही फक्त एक करा. फोन आला की मशीन बंद करा."

तेवढ्यात गोरख आला. रामप्रसादनं बॉक्समधला मोठ्यातला मोठा पेढा काढला आणि त्याच्या तोंडात कोंबला. गोरख चावत, मान डोलवत कसाबसा म्हणाला, "दाजी, पोरीचा आवाज म्हणजे खणखणीत. आमच्याकडं आष्टीला शाळेचा कार्यक्रम हाय, पाठवता का?"

"बघू," रामप्रसाद म्हणाला. "डेट बघावी लागंल."

एवढ्यात हॉल सुटला. सगळी गर्दी गेटवर आली आणि फ्लेक्स वाचायला थांबली. खेड्याहून नातवाचा निकाल ऐकायला आलेली एक आजी सुरेखापाशी उभी राह्यली. तिनं छोटा गोल बघितला, त्यावर 'मोनिका' वाचून घेतलं. मंग तो मोठा फोटो बघितला. काळा गॉगल, पिळदार मिशी, वर केलेला हात. आणि त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं नाव.

"हा प्रथम व्हय?" आजी म्हणाली. "लई उशिरा घातलेला दिसतोय शाळेत."

सुरेखानं एकदा फ्लेक्सकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं.

"व्हय मावशी," ती म्हणाली. "नववीपर्यंत आणलाय कसातरी."