आऊसाहेबांचे बागेस हाडे दिली, त्याचे वर्तमान

श्री. क्षेत्रपाळास नमन, गडदेवतेस नमन. वडिलांचे मुखे जे ऐकिले तेच लिहितो, पदरचे काही घातले नाही. शके पंधराशे एक्याण्णव, सौम्यनाम संवत्सर, ते समयी समुद्राजवळील एका डोंगरी राज्यात महाराज राज्य करीत होते, आणि त्यांच्या मातोश्री आऊसाहेब यांस कैलासवास होऊन दोन वर्षे लोटली होती. आऊसाहेबांनी गडाचे माचीवर, जांभ्याचे तांबडे मातीत, आपले हाते बाग लाविली होती आणि अंतकाळी बोलिल्या होत्या की, "वर्षश्राद्धाचे पानावर माझे बागेतील भोपळा वाढावा, दुसरा नको." परंतु त्या गेल्या आणि बागेचे रूप पालटले. भोपळे धरीत, वरून तांबूस आणि देखणे दिसत, आणि उचलून पाहावे तो बुडाशी, फूल गळाले ते जागी, काळा चामट डाग, आत दबलेला, मिटल्या डोळ्यासारखा. चिरिता आतून कुजका दर्प येई. पाखरू त्यास चोच लावीना, खार शिवेना. दोन्ही श्राद्धे बाजारचे भाजीवर उरकली आणि महाराज दोन्ही वेळा पानावरून न जेविता उठिले.

बागेचा माळी सिदोजी म्हणून होता, वय साठीचे, आऊसाहेबांचे हाताखाली तयार जाहला. त्यास मुद्गलपंत कारभारी यांनी आज्ञा केली की शेणखत दुप्पट घाल. त्याने घातले, आणि मग वेल ऐसे माजले की पाने सुपाएवढी जाहली, मनुष्य आत शिरता दिसेनासा होई, वारा नसता पाने हालत, आणि फळे पूर्वीहून अधिक काळी निघाली. बायका त्या वाटेने पाण्यास जाईनात. म्हणत, आऊसाहेब पानांआड बसल्या आहेत आणि फळांतून पाहतात.

मग भाद्रपद शुद्ध द्वादशीस, दोन प्रहरी, मुद्गलपंतांनी परमुलखातील एक देवऋषी आणविला. त्याने आऊसाहेबांस कधी देखिले नव्हते. तो वेलांमध्ये बसला, घुमू लागला, आणि एकाएकी स्थिर होऊन दोनदा खोकला. तो खोकला आऊसाहेबांचा होता. मग त्याचे मुखातून बायकी आवाज आला, "बाळराजे, माझे बागेस हाडे नाहीत. हाडे द्या, बरे का." बाळराजे हे नाव आऊसाहेबांवाचून कोणी घेत नसे. महाराजांचे हातातील विडा गळाला. देवऋषी शुद्धीवर आला आणि पाणी मागू लागला, काय बोलिला ते त्यास ठाऊक नव्हते.

मुद्गलपंत बोलिले, "अर्थ उघड आहे. ज्याचे हाते बाग नासली त्याचीच हाडे द्यावी." मग वेलांचे मधोमध छातीइतका खड्डा खणविला आणि सिदोजीस हात बांधून काठावर उभा केला. सिदोजी इतकेच म्हणाला, "पाय पुसू द्या, चिखल लागला आहे." तेव्हा आवडाई म्हणून एक चुनारीण, जी खाडीकाठी शिंपल्यांची भट्टी लावी आणि महाराजांचे विड्याचा चुना गडावर आणून देई, ती डोईवर पाटी घेऊन उभी होती. ती पुढे होऊन बोलिली, "महाराज, आऊसाहेबांनी हाडे मागितली, माणूस मागितला नाही. समुद्राची हाडे माझे घरी ढिगाने आहेत. ती घाला, आणि नाही साधले तर खड्डा कुठे जातो?" महाराज म्हणाले, "समुद्रास हाडे कैची?" ती म्हणाली, "शिंपले ती समुद्राची हाडेच. या तांबड्या मातीत जी होती ती पावसाने धुऊन नेली. आऊसाहेब होत्या तोवर दर साली माझेकडून दोन पाट्या नेत. कशास ते मी पुसिले नाही."

तेव्हा सिदोजीस श्राद्धाचे तिथीपर्यंत मुदत मिळाली आणि दोन बैल भाजल्या शिंपल्यांचे चढविले. आवडाईने ते पांढरे खडे त्याच खड्ड्यात ओतविले आणि वर गार पाणी सोडिले. क्षणभर काही नाही. मग भूमी कण्हू लागली, खड्ड्यातून फुत्कार उठला, विस्तवावाचून पाणी खदखदा उकळले, शिंपले दात वाजावे तैसे वाजू लागले, आणि वाफेचा लोट मनुष्याएवढा उभा राहिला. त्या वाफेत खोकला ऐकिला ऐसे सांगणारे पुढे पुष्कळ होते. मुद्गलपंत जोडे टाकून पळाले. सिदोजी मात्र तेथेच बसून राहिला.

चुना निवाला, तो मातीत मिसळून पसरिला आणि नवे बी लाविले. कार्तिकात फळे धरिली, आणि उलटून पाहता पहिली दहाही काळी निघाली. महाराजांनी मुदतीची वाट न पाहता कुदळी मागविल्या, आणि जुन्या खड्ड्याशेजारी गडी दुसरा खणू लागले. सिदोजी तो आवाज ऐकत वेलांतून फिरत होता, एकेक फळ उलटीत होता, आणि विहिरीपाशी त्याचा हात थांबला. मोटेचे पाणी जेथे रोज ठिबके तेथे एकच वेल होता आणि त्याची तिन्ही फळे बुडाशी निर्मळ होती. तो गडावर चुना घेऊन आलेल्या आवडाईस ओरडला, "आवडाई, धावा! चुना मातीत आहे, पण फळापर्यंत नेणार कोण? आपण वेलास आठ दिवस तहानेले ठेवितो, मग एकदम बुडवितो. पाण्यातून थोडा चुना आला तो पानेच ओढून घेतात, फळ उपाशी राहते." आवडाई बोलिली, "मग रोज पाजा, थोडे थोडे. आणि शेण बंद करा, पाने कमी होऊ द्या." महाराजांनी कुदळी थांबविल्या. त्या दिवसापासून सिदोजी नित्य सकाळी घागरीने पाणी घाली आणि बुंध्याशी सुका पाला अंथरी. नवी फळे घट्ट धरिली, बुडाशी स्वच्छ, टिचकी मारिता खणखणीत.

पौष वद्य पंचमीस श्राद्ध जाहले आणि बागेतील भोपळा पानावर वाढिला. उपाध्यांनी घास बाहेर ठेविला. कावळे कठड्यावर ओळीने बसले, एकही उतरेना. महाराज बोलिले, बाग राखू, तरी उतरेना. चुनाभट्ट्यांस इनाम देऊ; उतरेना. ऊन कलले. मग महाराजांनी सिदोजीस बोलाविले आणि म्हणाले, "आऊसाहेबांचा तू माणूस, तुझे मनात काय राहिले आहे?" सिदोजी बोलिला, "महाराज, मी खड्ड्याचे काठावर होतो तेव्हा आपण तोंड फिरविले. मरणाचे काही नाही. तेवढे राहिले आहे." महाराजांनी पागोटे उतरून भुईवर ठेविले, त्याचे समोर बसले आणि त्याजकडे पाहत राहिले, पापणी न लववता, सिदोजीचे डोळे भरून येईतो. तेव्हा घासापाशी पंख वाजले. कोणी मान वळवून पाहिले नाही.

येणेप्रमाणे बागेस हाडे पोचली. भूमीस चुना द्यावा, वेलास नित्य पाणी द्यावे, खत बेताचे घालावे, इतके त्या राज्यात पुढे सर्वांस कळले. ऐकिले तैसे लिहिले, अधिक उणे वाचणाराने क्षमा करावी. लेखनसीमा.