मालिनीची मान

"त्या न्यायाधीशाला दोन मिनिटांत गुंडाळून खिशात घालतो की नाही बघ!" असं म्हणून शिरीष करमरकरांनी वरणभाताचा शेवटचा घास असा गिळला, की जणू न्यायाधीशच गिळला!

शिरीषराव जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला एका बड्या कारखान्यात इंजिनिअर. गाडी चालवण्यात तर, त्यांच्याच सांगण्यानुसार, जर्मनांचेही गुरू! वसंतात एका शाळेसमोरून, तीसची मर्यादा असताना, हे गुरुजी साठाच्याही पुढे उडाले. रस्त्याकडेचा वेग टिपणारा ब्लिट्झर लखलखला, फोटो निघाला आणि घरी पत्र आलं. दंड, शिवाय फ्यूररशाइन, म्हणजे गाडीचा परवाना, महिनाभर जमा!

दंडाचं काही नाही हो. पण परवाना गेला म्हणजे महिनाभर हाताखालच्या प्रणवच्या गाडीतून ऑफिसला जायचं. आणि प्रणवच्या गाडीला यांनी भर कँटीनमध्ये 'चाकं लावलेला पत्र्याचा डबा' म्हटलं होतं! आता त्याच डब्यात बसायचं, गुडघे हनुवटीला टेकवून? त्यापेक्षा कोर्ट बरं!

"फोटो अंधूक आहे," शिरीषराव म्हणाले. "मिशी तेवढी दिसते, बाकी सगळं धुकं. मी सांगणार, ही मिशी प्रतापची!"

प्रताप म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. बिचारा वसंतात आठवडाभर राहायला आला होता आणि केव्हाच नागपूरला परतला होता.

"पापा, दास इस्ट गेलोगन!" लेक ऊर्जा ताटावरून ओरडली. पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

"खोटं नाही म्हणायचं याला! व्यूहरचना म्हणतात!"

मालिनी हळूच म्हणाली, "अहो, त्या दिवशी मी शेजारीच बसले होते. मांडीवर नैवेद्याचा डबा होता. हळू चालवा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस."

"गेनाऊ, बरोब्बर! शेजारी होतीस, म्हणून तूच माझी साक्षीदार!"

हुशार माणसाला मूर्खपणा करायला फारसं काही लागत नाही. एक बायको समोर असली की पुरते.

तारीख पडली ऑगस्टात. फुटबॉलचा विश्वचषक संपला तरी लोकांच्या गाड्यांवरचे झेंडे अजून उतरले नव्हते, तेव्हाची गोष्ट. आणि वार? श्रावणी सोमवार! मालिनीचं सोमवारी दिवसभर मौन असतं. लग्नाआधीपासूनचं व्रत, ते कुणासाठी मोडायचं नाही. तिने आदल्या रात्रीच हे सांगितलं, तर शिरीषराव नाचायचेच बाकी राहिले.

"अगं, सोन्याहून पिवळं! तू बोललीस की घोटाळा करतेस. उद्या नुसती मान हलव. बाकी मी बघतो!"

कोर्टात न्यायाधीशबाई होत्या. केस आखूड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शिरीषरावांनी धार्मिक मौनाचं पुराण सांगितलं. बाईंनी ते शांतपणे ऐकलं आणि मालिनीकडे वळल्या.

"मानेने उत्तर दिलंत तरी चालेल. तुम्ही पत्नी आहात, साक्ष नाकारू शकता. साक्ष देणार?"

मालिनीला नाकारायचंच होतं. पण नवरा डोळे वटारून बघतोय! हो म्हणवेना, नाही म्हणवेना. तिने मान ना वर केली ना खाली. देवळातल्या घंटेच्या लोलकासारखी दोन्ही खांद्यांच्या मधोमध डुलवली. आपल्याकडे या एका डुलण्यात 'हो', 'बघू', 'तुम्ही म्हणाल तसं' आणि 'कपाळ माझं' एवढं सगळं मावतं!

न्यायाधीशबाई गोंधळल्या. "हे काय? हो की नाही?"

"हो!" शिरीषराव ताडकन उठले. "आमच्याकडे याचा अर्थ एकच. हो!"

"नक्की?"

"नक्की! भारतात कुणालाही विचारा! शंभर कोटी लोक असंच हो म्हणतात!"

बाईंनी लेखनिकाला तसं लिहून घ्यायला सांगितलं. मग विचारलं, "प्रताप नावाचे नातेवाईक वसंतात तुमच्याकडे होते?"

हे तर खरंच होतं. पण पुढे काय विचारतील या धास्तीने मालिनीची मान पुन्हा डुललीच.

"हो!" शिरीषरावांनी विजयी मुद्रेने भाषांतर केलं.

"बरं, आता मलाही समजतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोटो पुढे सरकवला. "या फोटोत गाडी चालवणारा माणूस तुमचा नवरा आहे?"

खोटं तर बोलायचं नाही, मानेनेसुद्धा! आणि खरं सांगितलं तर घरी महाभारत! मालिनीने मनात महादेवाला हाक मारली. महादेवाने मान डुलवली, की तिची आपोआप डुलली, कोण जाणे. पण डुलली!

"हो," न्यायाधीशबाईंनी स्वतःच लेखनिकाला सांगितलं.

"नाही, नाही!" शिरीषराव किंचाळले. "आल्झो, हे वेगळं होतं! हे 'मला काय माहीत' वालं होतं!"

"आत्ताच तर म्हणालात, अर्थ एकच."

"सर्वसाधारणपणे एकच! पण बायकांच्या बाबतीत..."

"शंभर कोटी लोकांमध्ये बायका धरल्या नव्हत्या?"

मागच्या बाकावरचा वकील फिसकन हसला. शिरीषरावांची मिशी पावसात भिजलेल्या चिमणीसारखी खाली आली.

निकाल लागला. दंड कायम, परवाना महिनाभर जमा! कागद आवरता आवरता न्यायाधीशबाई म्हणाल्या, "खरं सांगू, हेर करमरकर? फोटो इतका वाईट आहे की त्यावरून मी कुणालाच ओळखू शकले नसते. तुम्हाला सोडावंच लागलं असतं. तुम्ही साक्षीदार कशाला आणलात?"

बाहेर कॉरिडॉरमध्ये शिरीषरावांनी भिंतीला टेकून निकालाचा कागद दोनदा वाचला. कुणाला वाटावं, पश्चात्ताप झाला. छे! त्यांच्या डोळ्यांत हळूहळू पुन्हा तोच उजेड पेटला.

"वरच्या कोर्टात जातो!" ते म्हणाले. "आणि या वेळी मुद्दाम मंगळवारची तारीख मागून घेतो. मग बोलशील ना धडधडीत?"

मालिनीने खिडकीबाहेर बघत हात जोडले, आणि त्याच क्षणी मनातल्या मनात मंगळवारही धरला.