परागाचा संपर्क

पनवेलजवळच्या कोन गावातल्या काशिराम म्हात्र्यांना कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागत नसे. असं ते स्वतःच सांगत, आणि दोनदा सांगत. "अर्धं बोला, बाकीचं आमी ओलखतो!" हे त्यांचं वाक्य गावात पोराटोरांनाही पाठ होतं.

तर या काशिरामांच्या मुलीचा, निशाचा, साखरपुडा उलव्याच्या परागशी झाला. पोरगा नोकरीवाला, निर्व्यसनी, हसरा. उलव्यात जिकडेतिकडे इमारती उठत होत्या, पण परागच्या आईनं, गंगाबाईंनी, जमिनीचा एक तुकडा हट्टानं राखून त्यात कलिंगडं लावली होती. साखरपुडा झाल्यापासून दर रविवारी पराग मोटरसायकलला कलिंगड बांधून कोनला हजर! आणि दर रविवारी संध्याकाळी निशाच्या तोंडाला खाज, टाळू हुळहुळलेली, ओठ भज्यासारखे फुगलेले!

"अक्कलदाढ!" काशिरामांनी निदान केलं आणि पोरीला घेऊन पनवेलला डॉक्टर कादंबरींचा दवाखाना गाठला.

कादंबरीबाई मूळच्या पुण्याच्या. दवाखान्यात अख्ख्या जबड्याचा फोटो काढणारं नवंकोरं मशीन, आणि डोक्यात एक संशोधन: तोंडाची तक्रार घेऊन येणाऱ्या किती जणांच्या दातांचा त्यात काही दोषच नसतो? त्यांनी निशाचा फोटो काढला. वरच्या मजल्यावरच्या ऍलर्जीच्या डॉक्टरांकडून हातावर टोचून तपासणीही करवली. आठवड्यानं निकाल ऐकायला दोघांना बोलावलं, तेव्हा निशा बाहेर फोनवर बोलत होती, म्हणून काशिराम एकटेच आत गेले. पेशंटशी शुद्ध मराठीतच बोलायचा बाईंचा नेम होता. सगळं तिथंच बिघडलं.

"दात उत्तम आहेत," बाई फोटो उजेडासमोर धरून म्हणाल्या. "त्रास आहे तो परागाचा."

"परागाचा?" कोनमध्ये होणाऱ्या जावयाला सगळे 'परागा'च म्हणत.

"हो. परागाशी संपर्क आला, की हिला त्रास होतो."

"संपर्क... म्हंजे... तोंडाशी?"

"तोंडाशी, नाकाशी, डोळ्यांशीसुद्धा!"

"डोल्यांशीपन?"

"घाबरू नका हो. याच तक्रारीच्या पाच-सहा मुली आल्यात माझ्याकडे."

"त्याच परागाच्या?" काशिराम उठून उभे राहिले.

"त्याच. तो काय एका घरापुरता थांबतो थोडाच? मैलोन्‌मैल फिरतो!"

"उलव्यापासनं येतो, म्हाईत हाय आमाला! मंग करायचं काय?"

"सकाळी दारं-खिडक्या बंद ठेवा. बाहेरून आली की तोंड धुवायला सांगा. हंगाम संपला, की तो आपोआप कमी होतो. आणि हो, कलिंगड—"

"कलिंगड घेऊनच येतो त्यो!" म्हणत काशिरामांनी फोटोचं पाकीट काखेत मारलं आणि तडक बाहेर! अर्धं ऐकलं होतं, बाकीचं ओळखलं होतं.

पण बापानं असलं काही मुलीला विचारायचं तरी कसं? त्यांनी निशाला रिक्षात बसवलं. "घरी जा. दारं-खिडक्या लाव. आनि तोंड धू!" एवढंच बोलले. निशाला वाटलं, धुळीमुळे सांगताहेत. खरं तर काशिरामांना रडू फुटायच्या बेतात होतं. पोरगा त्यांना मनापासून आवडला होता. पण पाच-सहा जणी!

उलव्याला पोचले तेव्हा गंगाबाई अंगण झाडत होत्या.

"गंगाबाय, सोयरीक मोडली!" काशिरामांनी फोटो खाटेवर आपटला. "बगा, तुमच्या पोराचे धंदे!"

गंगाबाईंनी फोटो आधी उलटा धरला, मग सुलटा. "अगो बाय! कोन मेली ही?"

"निशा हाय ती!"

गंगाबाईंची किंकाळी ऐकून पराग बाहेर धावत आला.

"डॉक्टरीणबाय बोल्ली," काशिराम गरजले, "परागाचा संपर्क झाला, की पोरीचे ओठ सुजतात! मशीनमदी दिसलं!"

परागचा चेहरा पांढराफटक पडला. मशीनमध्ये एवढं दिसतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"काका, एकदाच! आईशपथ! कर्नाल्याला पक्षी बगायला गेलो होतो तवा!"

"आनि बाकीच्या पाच-सहा?"

"कंच्या बाकीच्या?"

गंगाबाईंनी हातातला खराटा उगारला. पराग खाटेभोवती पळता पळता पाकिटावरचा नंबर लावू लागला. फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, मी पराग बोलतोय!"

"कोण पराग?"

"तुमी बोल्लात त्योच!" काशिराम मागून ओरडले. "मैलोन्‌मैल फिरतो त्यो!"

पलीकडे बाईंचं हसू आवरेना. "अहो, पराग म्हणजे फुलांतली बारीक पूड! निशाला गवताच्या फुलांची ऍलर्जी आहे. कलिंगडात तसाच एक घटक असतो. तिचं शरीर फसतं आणि कलिंगडालाच पराग समजतं. म्हणून ओठ सुजतात. तेच सांगत होते, तर तुम्ही पळालात!"

म्हणजे लेकीच्या तोंडाची आणि बापाच्या कानांची चूक एकाच जातीची होती.

पराग ऍलर्जीतून निर्दोष सुटला होता. पण कर्नाळा त्याच्या तोंडून बाहेर पडला होता, आणि तो परत आत घालणारं मशीन कुणाकडे नव्हतं. गंगाबाईंनी खराटा खाली ठेवला.

"व्याही, लग्नाची तारीख जरा..."

"आलीकडं घेऊ!" काशिराम म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी अर्धं ऐकून बाकीचं बरोबर ओळखलं होतं.

निशाचा फोटो मात्र गंगाबाईंनी परत दिला नाही. "सुनेचे दात बगा, एक पन किडका नाय!" असं म्हणत त्या तो शेजारणींना दाखवत राहिल्या.

लग्नात पंगतीला सगळं होतं, फक्त कलिंगड नव्हतं. कादंबरीबाई आहेर घेऊन आल्या, पण संशोधन काही डोक्यातून गेलं नव्हतं. बँड नेमका थांबला आणि त्यांचा खणखणीत आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला, "काय हो काशिराम, निशाचे ओठ आता सुजतात का?"

शेपाचशे माणसं वळून बघू लागली. काशिरामांनी हात जोडले.

"बाय, तो परागाचा प्रश्न हाय. आता परागालाच इचारा!"