एका ठिपक्याचा कागद

गावात कोणाला ताप आला की आमच्या बळीराम गुरुजींना आनंद व्हायचा. माणूस वाईट नव्हता हो! पण पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात तापमापी एकच, ती गुरुजींच्या खिशात. हिवतापावरच्या सरकारी कोयनेलच्या गोळ्यांचा डबाही शाळेच्या, म्हणजे त्यांच्याच कपाटात. गोळी हवी तर आधी काखेत नळी धरायची. मग गुरुजी चौकटीच्या कागदावर ठिपके देऊन तापाची रेघ काढणार.

"कशाले हे, गुरुजी?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "मले फक्त माहीत करून घ्याचं हाय."

त्या कागदांचा पुढे उपयोग काय? काडीचा नाही.

मी शेजारी, त्यामुळे माझे एकट्याचे तीन कागद. एकदा दिवसाआडच्या हिवतापाने मला धरलं. गोळी मागितली तर गुरुजी गयावया करतात, "लक्ष्मणभाऊ, एवढी एक पाळी येऊ दे ना बा. रेघ अर्धीच राह्यते."

दोन गोधड्यांखाली कुडकुडत मी ओरडलो, "जीव जाऊन राह्यला माहा!"

"हो, पण ताप पाहा कसा टायमावर आला!"

अंगात जोर असता तर ती नळी मी तिथेच फोडली असती.

मग भादव्यात त्यांची बायको सरूबाई तापली. मी बघायला गेलो तर दुसरी हुडहुडी भरलेली. पहिली परवाच येऊन गेली होती, आणि गोळी अजून डब्यातच. गुरुजी नळी झटकत उभे. दातावर दात आपटत सरूबाई म्हणाली, "पयले कागद आणा तुमचा. गोळी मंग द्या. माही काई घाई नाई."

टोमणा नव्हता तो. बिचारीला खरंच तसं वाटत होतं. गुरुजींचं तोंड एवढंसं झालं. नळी तिथेच टाकून ते अनवाणी शाळेकडे पळाले आणि अख्खा डबाच घेऊन आले.

पुढचे दिवस ते उशाशी बसून. ताप बघायचा तो कपाळाला हात लावून. चौथ्या दिवशी सरूबाईने उठून चूल पेटवली, तेव्हा गुरुजी ओसरीवर येऊन लेकरासारखे रडले. मीही हुश्श केलं. तेव्हापासून गावात आधी गोळी, मग नळी.

पुढे कधीतरी कपाटातल्या गठ्ठ्यात मला सरूबाईच्या नावाचा कागद सापडला. त्यावर एकच ठिपका, पहिल्या तापाचा.

"हा काऊन अर्धा, गुरुजी?"

त्यांनी तो माझ्या हातून घेतला आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"याच्या पुढचं मले नाई माहीत करून घ्याचं, भाऊ."